‘जर्मन घरात हाय की!’ : आष्टी ते अंबाजोगाई

‘मॅडम, आत्या म्हणते, जर्मन घरात हाय की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?’

कोमलने हे आमच्या संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गात सांगितलं आणि पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसायला लागल्या. मीही हसले. वर्ग संपल्यावर मात्र मला चुटपुट लागली, कारण एकटी कोमल हसली नव्हती.

मी पुण्यात जर्मन भाषा शिकवते. माझ्या बहुतेक विद्यार्थिनी नर्स आहेत, आणि जर्मनीतल्या रुग्णालयांत नोकरी मिळवण्यासाठी त्या ही भाषा शिकतात. कोमल अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि तिथल्याच एका खासगी दवाखान्यात काम करते. गाव आष्टी तालुक्यात. तिची भाषेची परीक्षा झाली होती, मुलाखत झाली होती, जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत फक्त ‘हो’ कळवायचं राहिलं होतं. आणि आत्या नाही म्हणत होती.

ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे गावोगावी ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मन’ म्हणतात. कुठे ‘जर्मल’. जर्मनचं भगुणं (म्हणजे पातेलं), जर्मलचा डबा. जर्मन सिल्व्हर नावाचा एक पांढरा धातू पूर्वी भांड्यांसाठी वापरत, त्यात चांदी फक्त नावात असते; पुढे स्वस्त ॲल्युमिनियम आलं आणि जुनं नाव त्याला चिकटलं, असं सांगतात. मला हे पटतं, पण खात्रीने सांगता येत नाही. आमच्या घरात याबाबत फार कडक शिस्त होती. शाळेत घालायच्या आधी मला वडिलांनी आणि काकांनी घरीच शिकवलं, आणि मी नवा शब्द उच्चारला की वडील विचारायचे, ‘हा तुला कुठं भेटला?’ कुठे भेटला ते सांगता आलं नाही तर तो शब्द त्या दिवशी वापरायचा नाही. तेव्हापासून मला सवयच लागली आहे. बोलण्याआधी मी तपासते, बोलल्यावर पुन्हा तपासते, आणि मधल्या वेळात काळजी करते.

‘आत्याला वाटतं मी भांड्याच्या कारखान्यात चाललेय,’ कोमल नंतर फोनवर म्हणाली. ‘तुम्ही एकदा या ना, मॅडम. माझं ऐकत न्हाई ती. आई-वडील ऊसतोडीला गेलेत, ते म्हणतात आत्या म्हणेल तसं.’

मी जायचं ठरवलं. मी स्वतः मात्र जर्मनीला कधीच गेलेली नाही.

पुणे ते आष्टी

दसरा होऊन गेला होता. वाकडेवाडीच्या स्थानकावरून सकाळची बीडची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण आधार कार्ड हाताशी ठेवा, काही कंडक्टर विचारतात. माझ्याकडे कार्ड आणि त्याची झेरॉक्स, दोन्ही होतं. कोणी विचारलं नाही. घाटाचा रस्ता नाही, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनीही निर्धास्त जावं. नगरला (नवं नाव अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच बसलंय) गाडी बराच वेळ थांबते. चहा तिथेच घ्या, पुढे चांगला मिळेलच असं नाही. आता नगरहून आष्टीकडे रेल्वेही जाते. वेळ जुळत असेल तर तीही बघा, माझी जुळली नाही.

नगर सोडल्यावर जमीन हळूहळू मोकळी होत जाते. कडा गाव येईपर्यंत झाडं विरळ झाली होती आणि आकाश इतकं मोठं झालं होतं की मी पुस्तक मिटून ठेवलं. हा भाग कोरडा, दुष्काळी, असं आपण इतकं ऐकलेलं असतं की मी डोळ्यांची तशीच तयारी करून बसले होते. त्याऐवजी खिडकीबाहेर तुरीची पिवळी फुलं, नुकती उगवलेली ज्वारी, आणि बांधाबांधावर सीताफळाची झाडं. शेजारी बसलेल्या काकूंनी पिशवीतून एक सीताफळ काढून माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, ‘हात खराब होतील.’ त्या म्हणाल्या, ‘मग धुवा की!’

कोमल आष्टीच्या स्थानकावर उभी होती. पडद्यावर ती नेहमी पांढऱ्या भिंतीपुढे, केस घट्ट बांधून बसलेली दिसायची. इथे ती मोठ्याने बोलत होती, ओळखीच्या रिक्षावाल्याला दम देत होती, आणि माझी बॅग तिने माझ्याआधी उचलली होती.

बाजाराचा दिवस होता. तिने मला मुद्दाम भांड्यांच्या ओळीत नेलं. ‘आधी जर्मन बघून घ्या,’ म्हणाली, ‘मग आत्याला समजवा.’

उन्हात ती ओळ नुसती चमकत होती. एकात एक बसवलेली भगुणी, पराती, झाकण्या, कळशा. ऊसतोडीला निघणारी माणसं या दिवसांत नवी भांडी घेतात, जुन्यांचे पोचे काढून घेतात. सगळीकडून ठोकण्याचा आवाज येत होता. एक पांढऱ्या दाढीचे चाचा तराजूपाशी बसले होते आणि त्यांच्यापुढे एक बाई भगुण्याचा काठ बोटांनी चाचपत उभी होती.

‘चाचा, पापडावाणी हाय की हे.’

‘पापड तर पापड. डोक्यावरून नेताना हलकं लागंल ना, काकू.’

‘आन् खाली पडलं तर?’

‘पडलं तर चेपंल. फुटायचं न्हाई. पुढच्या साली या, ठोकून देतो.’

‘पुढच्या साली तुमी असाल का?’

‘जर्मल राहील, माझं न्हाई सांगत!’

बाई हसली आणि तेच भगुणं तोलायला ठेवलं. मी पुढे होऊन विचारलं, ‘चाचा, याला जर्मल का म्हणतात?’

त्यांनी माझ्याकडे, मग कोमलकडे पाहिलं. ‘मग काय म्हणायचं?’

ज्या लोकांना आपण जर्मन म्हणतो ते स्वतःला जर्मन म्हणत नाहीत, ‘डॉइच’ म्हणतात, हे मी दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगते. आणि चाचांच्या दुकानातलं जर्मल जर्मनीहून आलेलं नाही. दोन्ही बाजूंना ज्याचा पत्ता चुकलेला, असा हा शब्द, आणि तरी इथे त्याने कुणाचंही काही अडत नव्हतं. मी एक लहान झाकणाचं भगुणं घ्यायला वाकले, तर कोमलने हात धरला. ‘आता नका घेऊ. आमच्याकडं आत्याचं हाय ना, तेच बघा.’

गावात

गावाचं नाव लिहीत नाही, कोमलने तसं सांगितलंय. आष्टीहून वडाप (खासगी जीप) मिळतं, भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाईत जाऊ नका. शेवटचा रस्ता कच्चा आहे. वाटेत कोमलने मला जे सांगितलं, ते मी आधीच विचारायला हवं होतं.

‘आमच्या घरात बोलायची एक पद्धत हाय,’ ती म्हणाली. ‘ऊसतोडीला निघायचं असलं की वरच्या फळीवरचं जर्मन खाली काढतात. घासून, चुलीची लाकडं, कोयते, समदं बांधतात. लहानपणी मी शाळेतून यायची आणि आधी फळीकडं बघायची. जर्मन वर असलं तर सगळे घरी. जर्मन उतरलं की निघाले. “जर्मन उतरलं का?” असंच विचारतेत आमच्यात, “कधी निघणार?” असं न्हाई विचारत.’

‘आणि तू?’

‘मी पण जायची सोबत. मग दुसरी-तिसरीत असताना आत्या म्हणाली, मी न्हाई येत औंदा, मी पोरीला घेऊन इथं राहते. तिनं तिचं जर्मन फळीवर टाकलं ते परत काढलंच न्हाई. म्हणून मी शिकले, मॅडम. आता तिच्या “हो”शिवाय कशी जाऊ?’

वडाप खड्ड्यातून उसळलं आणि माझं डोकं वर आपटलं. मला वाटतं, माझं मन आधीच जागेवर नव्हतं. मी पिशवीत जगाचा छापील नकाशा आणला होता. एका वृद्ध बाईला देश आणि भांडं यातला फरक कसा सौम्यपणे समजावायचा, याची मी पुण्यापासून मनात उजळणी करत आले होते.

घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला निळा बारीक दिव्यांचा हार. आत्या दारातच उभ्या होत्या, उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला.

‘जय भीम,’ मी म्हटलं.

‘जय भीम. या. लई बारीक हाव की तुमी. कोमल म्हणली मॅडम येणार, मला वाटलं कुणी मोठी बाई असंल.’

पाणी, चहा, मग हातात सीताफळ (या भागात दसऱ्यानंतर जाल तर सीताफळाला नाही म्हणायची सोय नाही). मी फळीकडे पाहिलं. छताला लागून लाकडी फळी, तिच्यावर उपडी घातलेली दोन-तीन भगुणी, धुराने आणि धुळीने करडी झालेली.

मी नकाशा काढला. घसा साफ केला. ‘आत्या, कोमल जिथे जाणार आहे ते...’

‘देश हाय,’ आत्या म्हणाल्या. ‘थंडी असती. बर्फ पडतंय. मोटारी बनवतेत. पोरगी मला मोबाईलमधी दाखवती समदं. येडी समजता का मला?’

मी नकाशा हातातच धरून बसले. कोमलचं तोंड उघडंच राहिलं होतं.

‘अगं पण तूच म्हणलीस ना, जर्मन घरात हाय म्हणून!’

‘म्हणले. मग? गंमत करू न्हाई का मी? तू साऱ्या वर्गाला सांगितलंस व्हय ते?’ त्या हसल्या, पण थोडंच. मग माझ्याकडे वळल्या. ‘तुमी गेलते का कदी तिथं?’

हाच प्रश्न. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी फक्त भाषा शिकवते. माझ्या काही विद्यार्थिनी तिथे आहेत, त्या सांगतात तेवढं मला माहीत आहे.’

‘बरं,’ आत्या म्हणाल्या आणि भाकरी टाकायला उठल्या.

जेवण काय सांगू! चुलीवरची बाजरीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची ओली चटणी, कच्चा कांदा. येसर म्हणजे धान्य-डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणी दिली की झाली आमटी. घरात भाजी नसली तरी अडत नाही. बाजूला चिंचेचं सार मातीच्या गाडग्यात होतं.

‘हे यात का?’ मी विचारलं.

‘आंबट जर्मनमधी ठेवत न्हाईत. काळं पडतं, चव जाती.’ भाकरी थापता थापता त्या पुढे म्हणाल्या, ‘जर्मन शिजवायला चांगलं. ठेवायला न्हाई.’

जेवणानंतर पडवीत बसलो. ऊन उतरत होतं आणि समोरच्या माळावर एक मेंढरांचा कळप सावकाश सरकत होता. आत्यांनी सुपारी कातरली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार शांतपणे बोलायला लागल्या.

‘मी ऊसतोडीला असताना माझी आई गेली. तिकडं कोल्हापूरच्या अंगाला व्हते मी. एक ट्रॅक्टरवाला सांगत आला. मुकादम म्हणला, आजची गाडी भरून द्या, मग जावा. गाडी भरली. मग निघाले. घरी आले तर तिला माती देऊन झालती. नुसती माती न्हाई, घर झाडून, सारवून झालतं. माझ्या आईचं लुगडं बी कुठं दिसंना.’

कोमल जमिनीकडे बघत होती. तिला ही गोष्ट माहीत असावी, पण अशी बोललेली तिने ऐकली नव्हती.

‘म्हणून मला एकच सांगा, बाई. हिला मधीच यायचं म्हणलं, तर सोडतेत का? मी मेले तर ही मातीला पोचंल का?’

कोमलने चटकन माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सरळ विनंती होती. एक ‘हो’ म्हणायचा होता. इतकी साधी गोष्ट. मला आठवलं, कोमल म्हणाली होती की नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटचा माणूसही आत्यांशी फोनवर बोललाय.

मी म्हटलं, ‘रजा असते. नियमाने असते, ती कोणी अडवत नाही, असं माझ्या मुली सांगतात. घरात कोणी गेलं तर सोडतात. विमान लगेच मिळालं तर दुसऱ्या दिवशी मुंबई. तिथून इथे यायला आणखी वेळ. पण लगेच मिळेलच असं नाही. आत्या, कोमल मातीला पोहोचेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. बहुतेक नाही पोहोचणार.’

कोमल उठली आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला.

आत्या म्हणाल्या, ‘तो फोनवरचा माणूस म्हणला, काय काळजी करू नका, सकाळी फोन केला की संध्याकाळी पोरगी दारात. मी जे विचारलं त्याला हो. आमचा मुकादम बी असाच व्हता. समद्याला हो.’ सुपारीची खांडं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ‘खावा.’

त्या दिवशी पुढे कोणी जर्मनीचं नाव काढलं नाही. कोमल माझ्याशी कामापुरतंच बोलली. झोपताना मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, ‘बहुतेक’ म्हणायची गरज होती का? ‘प्रयत्न करेल’ म्हणून भागलं असतं. खरं बोलण्याची सवय आणि दुसऱ्याचं आयुष्य, यात माझ्या सवयीचं वजन किती?

जर्मन उतरलं

सकाळी उठले तेव्हा पडवीत राख आणि नारळाच्या शेंडीचा घासघास आवाज येत होता. वाटलं, रोजचीच भांडी. तोंड धुऊन आले तर कोमल दाराच्या चौकटीत थबकून उभी होती, हातातला तांब्या तसाच.

पडवीच्या कडेला, उन्हात, एक लहान भगुणं ठेवलं होतं. घासून पांढरं केलेलं, काठाला एक जुना पोचा, आणि बाजूला झाकणी. आत्या पलीकडे बसून हात धुत होत्या.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘जर्मन खाली आलंय, मॅडम,’ कोमल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मी फळीकडे पाहिलं. करड्या भगुण्यांमध्ये एक गोल, धूळ नसलेली जागा होती.

मग मला कळलं. कोमल जाऊन आत्यांच्या पाठीला बिलगली आणि आत्या म्हणाल्या, ‘सर की बाजूला, हात ओले हायेत माझे. रडायचं काय त्यात? तू काय ऊस तोडायला चाललीस व्हय?’ मग मला म्हणाल्या, ‘तिथं आंबट ठेवू नको म्हणावं यात. आन् मी मेले तर पोचली न्हाई तरी चालंल. पण कुणी हिला गाडी भरून दे म्हणालं, तर ऐकायचं न्हाई. एवढं शिकवा तिला तिथल्या भाषेत.’

मी ते तिथेच शिकवलं. ‘नाही, मी आत्ता जाते’, जर्मनमध्ये अगदी लहान वाक्य आहे. कोमलने म्हणून दाखवलं. आत्यांनीही म्हणून पाहिलं आणि स्वतःच खो खो हसल्या.

अंबाजोगाई

कोमलची ड्यूटी होती म्हणून मी तिच्यासोबत अंबाजोगाईला गेले. आष्टीहून जामखेड, तिथून मांजरसुंब्याची गाडी, मग केज, अंबाजोगाई. थेट गाडी शोधत बसू नका, तुकड्या-तुकड्याने जा, लवकर होतं. जामखेडनंतर सौताड्याच्या आसपास बालाघाटच्या डोंगरांची वळणं लागतात, डाव्या-उजव्या खिडकीचा हट्ट सोडून द्या, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते आणि डोंगर अजून फिकट हिरवे होते.

भगुणं कोमलच्या मांडीवर होतं. केजच्या गाडीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता ते पाहिलं.

‘काय ताई, कोयत्यावर का, ऊस तोडायला?’

‘न्हाई. जर्मनला.’

‘जर्मन तर मांडीवरच हाय की!’

सगळी गाडी हसली, आणि या वेळी कोमल सगळ्यांत मोठ्याने हसली.

अंबाजोगाई मला फार आवडलं. जुनं शिकण्या-शिकवण्याचं गाव आहे आणि ते लगेच जाणवतं. चहाच्या टपरीवर पांढरे कोट घातलेली मुलं परीक्षेबद्दल भांडत होती. कोमल ड्यूटीवर गेल्यावर मी हत्तीखान्याच्या लेण्यांना गेले. डोंगराच्या पोटात कोरलेला मंडप आणि अंगणात दगडी हत्ती, काहींच्या सोंडा आणि कान झिजलेले. आत थंडगार होतं आणि माझ्याशिवाय कोणी नव्हतं. सकाळी लवकर जा, बूट सोबत ठेवता येतात, पाणी मात्र न्या. नंतर योगेश्वरीच्या देवळाजवळच्या गल्लीत एका खानावळीत साधी थाळी जेवले. ज्वारीची भाकरी वाढत होते तेवढी खाल्ली आणि वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘आणखी एक तर खावाच.’ राहायला स्थानकाजवळ साधे लॉज आहेत. दाराची कडी आतून तपासून घ्या. मी तीनदा तपासली, पण ते माझं आहे, तुमचं नसेल.

सोमवारी सकाळी कोमलने माझ्यासमोर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून फोन केला आणि ‘हो’ कळवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘त्या दिवशी तुमच्यावर लई राग आलता, मॅडम.’

‘मला माहीत होतं.’

‘तुम्ही हो म्हणला असता ना, तर आत्या न्हाईच म्हणली असती.’

पुण्यात

या प्रवासाला आता बरेच महिने झाले. पोस्ट लिहायला उशीर केला, कारण गोष्ट अर्धीच होती. कोमल उन्हाळ्यात गेली. विमानतळावर तपासणी करणाऱ्यांनी भगुणं बाहेर काढून उलटंसुलटं पाहिलं म्हणे, आणि काय आहे विचारल्यावर तिने सांगितलं, ‘ॲल्युमिनियम.’ मला वाटतं, त्या भांड्याला तिने त्या नावाने आयुष्यात पहिल्यांदाच हाक मारली असेल.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिथे तिला मिळालेल्या खोलीत इंडक्शनची शेगडी आहे, आणि इंडक्शनवर साधं ॲल्युमिनियम तापत नाही. तिने भगुण्यात पाणी घालून ठेवलं, बटण दाबलं, शेगडीने पुन्हा पुन्हा तक्रार केली.

‘म्हणजे जर्मनीत जर्मन चालत नाही,’ मी म्हटलं.

‘न्हाई ना! आत्याला सांगितलं तर लई हसली.’

‘मग काय केलंस त्याचं?’

‘वर ठेवलंय. कपाटावर, उपडं.’

फळीवरची ती धूळ नसलेली गोल जागा मला दिसत होती.

माझ्या वर्गात आता नवी तुकडी आहे. पहिल्या दिवशी मी अजूनही सांगते की ते लोक स्वतःला डॉइच म्हणतात. आणि मग सांगते की ‘जर्मन’ हा शब्द मला दोन ठिकाणी भेटला, एकदा पुस्तकात आणि एकदा आष्टी तालुक्यातल्या एका फळीवर, आणि दुसऱ्या ठिकाणचा अर्थ मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही. वडील असते तर त्यांनी तो शब्द वापरायची परवानगी दिली असती, असं वाटतं.

आत्या दर रविवारी कोमलला फोन करतात. जेवलीस का, थंडी किती, असं काही आधी विचारत नाहीत.

‘जर्मन कुठं हाय?’

‘वर हाय, आत्या.’

‘बरं. उतरवशील तवा सांग. मी इथं येसर भाजून ठेवते.’